वीस गुंठे वजनावर, वीस गुंठे क्षेत्रावर

पहिल्या वर्षीची एक वजनकाट्याची पावती मी अजून जपून ठेवली आहे. वाइनसाठी विकत घेतलेली शिराझ जातीची लाल द्राक्षं, निव्वळ वजन २,४१० किलो. मागच्या कोऱ्या बाजूला माझ्याच अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय : ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, २२.१. तीन दिवस आधी त्याच बागेत मी ओळी-ओळींतून शंभर मणी गोळा केले होते, पिशवीतच चुरगाळून रस काढला होता आणि गोडी मोजली होती. तेव्हा ती २३.४ होती. तीन दिवस कडक ऊन पडलं होतं. गोडी वाढायला हवी होती, ती उतरली होती.

बागेचे मालक अण्णा. साठीच्या पुढचे, गळ्यात तुळशीची माळ, दिंडोरी तालुक्यात पाच एकर द्राक्ष, त्यातला एकच एकर वाइनचा. मी विचारलं, तर त्यांनी काहीही लपवलं नाही.

"दोन रात्री पाणी दिलं ना ताई. काट्यावर काय चढतं? वजनच चढतं. तुम्ही पैसे वजनाचे देता."

मला त्या दिवशी फार राग आला होता. तो राग जिरायला आणि त्यांचं वाक्य नीट कळायला मला अख्खं वर्ष लागलं. त्यानंतर आमच्या वायनरीत जे काही बरं झालं, ते त्या वाक्यातून झालं.

आमची वायनरी म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ. एक शेड, सहा स्टीलच्या टाक्या, एक प्रेस, एक चिलर आणि चार जुने फ्रेंच बॅरल, प्रत्येकी २२५ लिटरचे. स्वतःचा एकही वेल नाही. नाशिकजवळ पाण्याची जमीन घेऊन बाग उभी करायची तर पैसा हवाच, शिवाय पहिलं धड पीक हाती यायला तीन वर्षं थांबावं लागतं. पण नुसती पैशाची अडचण होती असं नाही. मला ब्लेंडच, म्हणजे वेगवेगळ्या वाइन मिसळून केलेली वाइनच, करायची होती, आणि ब्लेंडला वेगवेगळ्या मातीतली, वेगवेगळ्या हातांनी वाढवलेली द्राक्षं लागतात. दिंडोरीच्या मुरमाड उतारावरचं शिराझ आणि निफाडच्या काळ्या जमिनीतलं कॅबर्नेट, ही दुसरी लाल जात, एकाच मालकाच्या बागेत मिळत नाही.

दुसऱ्या वर्षी बाकी सगळं तसंच ठेवून मी फक्त अण्णांच्या ओट्यावर जाऊन बसत राहिले. तिथे मला या भागाचा वाइनचा इतिहास कळला. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ साली आलं आणि पुढच्या सात-आठ वर्षांत गावोगावी लोकांनी थॉमसन या खायच्या द्राक्षाच्या जागी वाइनचे वाण लावले. मग २००८ची मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. टाक्या भरलेल्या राहिल्या, नवा माल कुणी उचलेना. ज्यांचा उचलला त्यांचे पैसे अडकले. कित्येकांनी पाच वर्षांच्या ऐन भरातल्या बागा मुळापासून उपटल्या. अण्णांनीही तीन एकर उपटली, एक ठेवली. का ठेवली, हे मी अनेकदा विचारलं. "वरचा तुकडा आहे, मुरूम आहे, दुसरं काय येणार तिथं," एवढंच ते म्हणतात.

त्यात पुन्हा २०१४ची गारपीट. फेब्रुवारी-मार्चात, तोडणीच्या तोंडावर. ज्या माणसाने हे सगळं पाहिलंय त्याला, "अजून आठ दिवस घड वेलीवर राहू द्या, गोडी आणि साल दोन्ही पिकू द्या," असं सांगणारी मी कोण? ते आठ दिवस मणी सुकतो, वजन घटतं, आभाळ आलं तर जीव टांगणीला लागतो, आणि हे सगळं सोसून हाती येतात कमी पैसे. पाणी देण्यात त्यांची काही लबाडी नव्हती. व्यवहार मीच उलटा मांडला होता.

म्हणून तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये मी वेगळा प्रस्ताव नेला. वजनावर नाही, क्षेत्रावर. अण्णांच्या त्या एकराला सरासरी सहा टन माल निघायचा आणि किलोला ४० रुपये मिळायचे, म्हणजे एकरी २,४०,००० रुपये. मी म्हटलं, तेवढेच पैसे आम्ही देऊ, माल चार टनच निघाला तरी देऊ. निम्मे छाटणीला, चौथाई रक्कम मण्यात पाणी उतरून तो पिकू लागल्यावर, उरलेले तोडणीच्या दिवशी काट्यावरच. बदल्यात घड किती ठेवायचे, पाणी कधी तोडायचं आणि तोडणी कुठल्या दिवशी, हे आम्ही ठरवणार.

अण्णांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "वीस गुंठे देतो. वीस गुंठे आपले जुन्याच बोलीवर. मधी चारी आहे, तिच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं माझं."

मला तेव्हा ते अर्धवट वाटलं होतं. आता वाटतं, यापेक्षा चांगली मांडणी मला स्वतःला सुचली नसती. एकच माती, एकच वाण, एकाच दिवशीची छाटणी, आणि मधे फक्त एक चारी.

नाशिकची लाल द्राक्षं कशी पिकतात हे आधी सांगायला हवं, नाहीतर तोडणीच्या तारखेचा एवढा घोळ का, ते कळणार नाही. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यानंतर काडी तयार होते. मग पावसाच्या शेवटी गोडी छाटणी, तिच्यानंतर घड. युरोपात द्राक्षं उन्हाळ्याकडून थंडीकडे जाताना पिकतात. शेवटचे आठवडे गार असतात, आंबटपणा टिकून राहतो. आपलं उलट. निफाडजवळच्या कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र ज्या दिवसांत राज्यातलं नीचांकी तापमान नोंदवत असतं, त्या दिवसांत मणी फुगत असतो, आणि ऐन पिकताना फेब्रुवारीचं ऊन चढू लागतं. गोडी झपाट्याने वाढते, आम्ल त्याच झपाट्याने पडतं, आणि साल व बी मात्र आपल्या गतीने पिकतात. या तिघांचा मेळ बसतो असे दिवस एका बागेत चार, फार तर पाच. ज्याच्या हाती तारीख नाही, त्याने विकत घेतलेली द्राक्षं दुसऱ्याच कुणाच्या सोयीने पिकलेली असतात.

डिसेंबरच्या शेवटी मण्यात पाणी उतरलं आणि रंग धरू लागला. तेव्हा मी कात्री घेऊन अलीकडच्या वीस गुंठ्यांत उतरले. मागे राहिलेले, हिरवट, एकमेकांवर रेललेले घड कापायचे होते. जवळजवळ तिसरा हिस्सा.

अण्णांना घड विरळणं नवं नव्हतं. खायच्या द्राक्षात ते करतातच. पण तिथे घड कमी ठेवायचे ते उरलेला मणी फुगावा म्हणून, त्यावर जीए या वाढीच्या संजीवकाची फवारणी, त्याच्या द्रावणात घड बुडवणं, सगळी धडपड मण्याचा आकार वाढवण्यासाठी. आम्हाला मणी बारीक हवा होता. लाल वाइनचा रंग आणि टॅनिन, म्हणजे तिचा तुरटपणा, सालीत असतात. मणी जितका लहान तितकी रसाच्या मानाने साल जास्त. आयुष्यभर ज्या माणसाने मणी मोठा केला, त्याला मी तो लहान ठेवायला सांगत होते.

काकू बांधावर उभ्या होत्या. जमिनीवर पडलेल्या घडांकडे बघून त्या म्हणाल्या, "चार महिने पोटच्या पोरासारखं सांभाळलं गं." मी काही बोलले नाही. कापत राहिले. थोड्या वेळाने अण्णांनी दुसरी कात्री आणली आणि पलीकडच्या टोकाने सुरुवात केली. दुपारपर्यंत आम्ही दोघं एकाच ओळीत समोरासमोर आलो.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मी रोज पहाटे बागेत. गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर खिशात असतोच, पण मला विचाराल तर जास्त भरवसा दातांवर. मणी तोंडात घेऊन आधी रस गिळायचा, मग साल एकटी चावायची. हिरड्या ओढल्या गेल्या तर अजून वेळ आहे. मग बी. हिरवी बी कडू लागते आणि दाताखाली वाकते, पिकलेली तपकिरी बी भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुडुम् वाजते. अण्णा पहिले दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवसापासून तेही बी चावून मला दाखवू लागले.

पलीकडचे वीस गुंठे त्यांनी ३ फेब्रुवारीला तोडले. ३,१०० किलो. त्यातले १,५०० आम्ही घेतले, बाकी दुसरीकडे गेले. अलीकडचं ११ फेब्रुवारीला. पहाटे साडेचारला, डोक्याला बॅटऱ्या बांधून. तोडणीला सुरगाण्याच्या बायका होत्या, त्यांचे हात इतके वेगाने चालतात की क्रेट उचलणारा मागे पडतो. साडेआठला शेवटची पिकअप शेडवर आली. घड हाताला गार लागत होते. भरलं १,९४० किलो, ब्रिक्स २४.६. पलीकडच्या मालाची गोडी होती २२.२.

आता हिशोब. अलीकडच्या वीस गुंठ्यांचे ठरलेले १,२०,००० रुपये. पलीकडच्याचे ३,१०० किलोला ४० रुपयांनी १,२४,०००. अण्णांच्या हातात दोन्हीकडून जवळपास तेवढेच पडले, फक्त अलीकडचे निम्मे पैसे त्यांना छाटणीलाच मिळाले होते आणि क्रेट, मजुरी, गाडीभाडं कमी लागलं. आम्हाला मात्र तो माल किलोमागे जवळजवळ ६२ रुपयांना पडला. छोट्या वायनरीला हा आकडा सोपा नाही, भावाने तो वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

कॅबर्नेट निफाडकडून आलं, १,२०० किलो, वजनावर. त्या बागेत शब्द टाकण्याइतकी ओळख नव्हती. काळी कसदार जमीन, पानांचा गच्च पसारा, घड सावलीत. कॅबर्नेटला सावलीत ठेवलं की त्यात ढोबळी मिरचीचा वास राहतो, आणि तो होताच. टेंप्रानिलो ही तिसरी लाल जात ६०० किलो, एका ओळखीच्या बागेतून.

देठ वेगळे करून चारही माल चार टाक्यांत गेले. पलीकडच्या शिराझने काही त्रास दिला नाही. अलीकडच्याने दिला. गोडी जास्त, पीएच ३.८ च्या वर, म्हणजे आंबटपणा कमी, म्हणून सुरुवातीलाच लिटरला दीड ग्रॅम टार्टारिक आम्ल घातलं होतं. दिवसातून तीनदा वर तरंगणारा सालींचा थर लाकडी दांड्याने खाली दाबायचा, तो दर वेळी ताज्या जांभळाच्या आणि मिऱ्याच्या वासाने अंगावर यायचा. पाचव्या रात्री साडेतीन तास लाइट गेली. चिलर बंद. आंबणं स्वतःच उष्णता तयार करतं. मी पोहोचले तेव्हा टाकी ३४ अंशांवर होती. बर्फाच्या पिशव्या आणल्या, टाकीला ओली पोती गुंडाळली. तापमान उतरलं, पण यीस्टला जो मार बसायचा तो बसला होता. गोडी ३ ब्रिक्सवर येऊन थांबली. दोन दिवस काटा हलला नाही.

अडकलेली टाकी ही वाइन करणाऱ्याची सगळ्यात वाईट वेळ. साखर शिल्लक, गरम हवा, चुकीचे जीवाणू टपलेले, आणि वरून नवं यीस्ट ओतलं तर तेही अल्कोहोलच्या धक्क्याने मरतं. त्याला हळूहळू सवय लावावी लागते. कोमट पाण्यात काटक जातीचं यीस्ट भिजवलं, थोडा ताजा रस दिला, ते फसफसू लागल्यावर अडकलेल्या टाकीतली दहा लिटर वाइन त्यात घातली. पुन्हा फसफसेपर्यंत थांबले. मग वीस, मग चाळीस, मग ऐंशी. प्रत्येक टप्प्याला सहा-आठ तास. मी तीन रात्री शेडमध्येच झोपले. चौथ्या दिवशी सकाळी सगळं टाकीत सोडलं आणि कान लावून बसले. दुपारी बारीक सळसळ ऐकू आली. आठ दिवसांनी साखर संपली. पुढच्या हंगामाच्या आधी आम्ही दुसरं काहीही न घेता जनरेटर घेतला.

इथे एक गोष्ट नवख्यांसाठी मुद्दाम सांगते. रस काढून घेतल्यावर साली उपसायला टाकीत उतरावं लागतं, आणि तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. दिसत नाही, सावध करत नाही. आमच्याकडे पंखा लावून हवा खेळवल्याशिवाय आणि बाहेर दुसरं माणूस उभं असल्याशिवाय कुणीही आत उतरत नाही, कितीही घाई असो.

प्रेस झालं, मार्चच्या उबेत मॅलोलॅक्टिक, म्हणजे जीवाणूंनी तीव्र आम्ल सौम्य करण्याची क्रिया, आपोआप पार पडलं, गाळ खाली बसला, वाइन दोनदा निवळून घेतली. कॅबर्नेट बॅरलमध्ये गेलं, बाकी टाक्यांत. मग आषाढापर्यंत नुसतं थांबणं.

ब्लेंड आम्ही पावसाळ्यात बांधतो. हवा थंड, नाकं ताजी, कामं कमी. टेबलावर पांढरा कागद, शंभर मिलीची नळकांडी, पिपेट आणि तोंड साफ करायला चुरमुरे. भाऊ मिश्रणं तयार करतो आणि ग्लासखाली आकडे लिहितो, मला कुठल्यात काय आहे ते ठाऊक नसतं. नंतर अदलाबदल.

माझी खात्री होती की अलीकडचं शिराझ एकटंच बाटलीत जाईल. तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता. एकटं चाखलं तर सुरुवात भरघोस : गडद रंग, जांभूळ, मिरं, तोंडभर गोलाई. आणि मग गिळल्यावर ते जिभेवर बसून राहायचं, पुढे सरकायचं नाही. दुसऱ्या घोटाची इच्छा होत नव्हती. पलीकडचं शिराझ, वजनावर घेतलेलं, आठ दिवस आधी तोडलेलं, ते अंगाने बारीक होतं, पण त्याच्यात धार होती, पीएच ३.५च्या आसपास. तिसऱ्या ग्लासात भावाने दोन्ही एकत्र केलेली होती. मी तो ग्लास पहिला लावला. आकडा उलटा करून बघितल्यावर मला वाईटही वाटलं आणि हायसंही वाटलं. ज्या मालावर मी पहिल्या वर्षी चिडले होते, त्याच प्रकारचा माल या वाइनला उभं करत होता.

कॅबर्नेटचं मोजमाप फार नाजूक. १० टक्क्यांना काहीच कळेना. १४ला वाइनला कणा आला, शेवट लांबला. १८ला नाकात ढोबळी मिरची. एवढ्या चार टक्क्यांवर आमचे तीन दिवस गेले. टेंप्रानिलोने कडा मऊ केल्या. शेवटी ठरलं : शिराझ ७४, कॅबर्नेट १४, टेंप्रानिलो १२. दोन्ही शिराझ मिळून २,२२० लिटर होतं, ते सगळं लागलं. कॅबर्नेट ४२० लिटर, टेंप्रानिलो ३६०. तीन हजार लिटर, चार हजार बाटल्या. उरलेलं कॅबर्नेट घाऊक विकलं. तोटा झाला, पण ते या ब्लेंडमध्ये ओतलं नाही, याचं मला समाधान आहे.

ठरवण्याआधी आम्ही आणखी एक करतो, ते म्हणजे जेवणाबरोबर चाखणं. आपल्या ताटात मीठ-मिरची-मसाला आहे. जास्त टॅनिन आणि जास्त अल्कोहोल तिखटाला आणखी भडकवतात. १८ टक्के कॅबर्नेटवालं मिश्रण काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर घेतलं तर जीभ होरपळली. १४वालं त्याच रश्श्याबरोबर शांत बसलं. इथल्या घरांत उघडली जाणारी वाइन इथल्या रश्श्यासमोर टिकली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. परीक्षकांच्या कोऱ्या टेबलावर ती कशी लागते ते नंतर.

अण्णा या सगळ्यात नव्हते. ते निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला गेले होते. एरवीही ते वाइन तोंडाला लावत नाहीत, माळ आहे. परत आल्यावर प्रसाद घेऊन शेडवर आले. मी पांढऱ्या बशीत थोडी ओतून दाखवली. त्यांनी बशी उजेडाकडे तिरकी केली, कडेचा रंग पाहिला, वास घेतला. "पलीकडचं पण यातच घातलं?" मी हो म्हटलं. का घातलं तेही सांगितलं. ते बराच वेळ बशीकडे बघत राहिले.

गणपतीच्या दिवसांत त्यांचा फोन आला. या वर्षी पूर्ण एकर क्षेत्रावर देतो म्हणाले. मग म्हणाले, "पण मग पलीकडचं ते बारीक अंगाचं कुठून आणणार तुम्ही?" त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. एकर एकाच बोलीवर घ्यायचा, पण तोडणी दोनदा करायची. चारीच्या पलीकडचं आधी, धार असताना, अलीकडचं पूर्ण पिकल्यावर. प्रश्न छाटणीचा होता. लवकर छाटलं आणि पाऊस लांबला तर कोवळ्या फुटींवर डाऊनी ही बुरशी येते. उशिरा छाटलं तर पिकणं मार्चच्या उन्हात सापडतं.

"ताई, तारीख सांगा," अण्णा म्हणाले.

मी सांगितलं, पलीकडचं १२ सप्टेंबरला धरू, अलीकडचं २०ला. ते म्हणाले, पाऊस बघून दोन दिवस मागेपुढे करीन. मी म्हटलं, करा.